मोबाईलसमोरची कमाई: याला काम म्हणावे काय?



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न तीन-चार घरांतून आमच्याकडे आला आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर व्हिडिओ तयार करते, ते यूट्यूबवर टाकते आणि त्यातून थोडेफार पैसे येतात. आईवडील विचारतात, ‘फादर, याला काम म्हणायचे का?’ मुले काही विचारत नाहीत, नुसती खाली बघत बसतात. एका घरात तर यावरून बापलेकाचे बोलणे बंद आहे. लग्नाच्या अर्जात ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. तो कोरा ठेवून अर्ज पुढे सरकवणारा तरुणही आम्ही पाहिला. म्हणून या रविवारी हा विषय घेत आहोत.

कासूच्या परिसरात काम म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. खारीतली भातशेती, भाताच्या मागून येणारा वाल, वीटभट्टी, डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा नागोठण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडची पाळी, हायवेवरची रिक्षा, सकाळच्या गाडीने पनवेल. या सगळ्या कामांत घाम दिसतो, हाताला घट्टे दिसतात. मोबाईलसमोर हसत उभ्या राहिलेल्या मुलाच्या हाताला घट्टे नसतात. मग बापाने त्याला कामकरी कसे म्हणावे?

घामाचाच हिशेब लावायचा तर आमचीही पंचाईत आहे. धर्मगुरू ना भात पिकवतो ना विटा पाडतो. तो बोलतो आणि माणसे ऐकतात. शिक्षकाचे, कीर्तनकाराचे, वकिलाचे तेच. तेव्हा घाम ही कामाची एक खूण आहे, पण तीच व्याख्या नव्हे.

महाराष्ट्राने हा वाद पूर्वी एकदा पाहिला आहे. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत, गिरगावच्या एका तंबूवजा चित्रपटगृहात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि तेथून त्यांना चित्रपटाचे वेड लागले. (भारतीय चित्रपटाचे बी आपल्या प्रभूच्या जीवनकथेतून पडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?) त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. पत्नी सरस्वतीबाई घरचा स्वयंपाक आटोपून फिल्मच्या पट्टीला भोके पाडीत बसत. एका कुंडीत वाटाणा पेरून तो कसा उगवतो व वाढतो, याची छोटी फिल्म फाळके यांनी आधी तयार केली आणि ती दाखवून भांडवल मिळवले. आज एखादा मुलगा शेतातल्या रोपाचा व्हिडिओ काढतो, त्याहून हे काही वेगळे नव्हते. त्या काळी चित्रपटात काम करणे हे भल्या घरचे लक्षण समजले जात नसे. बायकांच्या भूमिकेला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंखे तारामती झाले. आणि फाळके आपल्या नटांना सांगत, कुणी विचारले तर आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा. फॅक्टरी म्हटले की लोक गप्प बसत. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, आणि आज या धंद्यावर मुंबईतील किती चुली पेटतात हे सांगायला नको.

ख्रिस्तसभेनेही हा प्रश्न अनेक अंगांनी हाताळला आहे. आरंभीच्या शतकांत सभेची भूमिका कडक होती. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने ठरवले की रथांच्या शर्यती करणारा किंवा मूकनाट्य करणारा नट श्रद्धा स्वीकारू इच्छीत असेल, तर त्याने आधी तो धंदा सोडावा. त्या रंगभूमीवर मूर्तिपूजा होती, अश्लीलता होती, हे त्याचे कारण. पण तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाचा शांतपणे विचार केला. धनुष्य सतत ताणलेले ठेवले तर मोडते, तसे मनालाही विसावा लागतो, असे ते मानत. म्हणून लोकांना विरंगुळा देणाऱ्या नटाचा व्यवसाय मुळात पाप नाही. त्याने अभद्र बोलू-वागू नये, भलत्या वेळी खेळ करू नये, एवढी मर्यादा पाळली म्हणजे झाले. आणि त्याला त्याच्या सेवेचा मोबदला देणारे लोक अन्याय तर करीत नाहीतच, उलट न्यायानेच वागतात, असे ते म्हणतात. सेमिनरीत आम्ही हे प्रकरण परीक्षेपुरते वाचले होते. ते कासूत उपयोगी पडेल असे तेव्हा वाटले नव्हते!

संत योहान पौल दुसरे तरुणपणी नाझी राजवटीखाली क्राकूव्ह येथे दगडाच्या खाणीत आणि नंतर रसायनांच्या कारखान्यात मजूर होते. त्याच दिवसांत ते मित्रांबरोबर लपूनछपून नाटकेही करीत. दोन्ही अनुभव असलेल्या या माणसाने १९८१ साली मानवी श्रमावर एक परिपत्रक लिहिले. कामाची किंमत आपण बहुधा तयार झालेल्या वस्तूवरून ठरवतो. ते म्हणतात, आधी काम करणाऱ्याकडे पाहा. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. मग आपला प्रश्न थोडा बदलतो. ‘याला काम म्हणायचे का?’ याबरोबर ‘या कामाने आपला मुलगा कसा माणूस होत आहे?’ हेही विचारावे लागते.

प्रथम कष्टांविषयी. पोपटीचा सात मिनिटांचा व्हिडिओ आपण जेवताना पाहतो. त्यासाठी वालाच्या शेंगा निवडाव्या लागतात, भांबुर्ड्याचा पाला आणावा लागतो, मडके भरून उपडे लावावे लागते, पेंढा पेटवावा लागतो. हे तर आपण सगळेच करतो. पण त्याला दर वेळी मोबाईल कुठे लावायचा, उजेड कुठून येतो, वाऱ्यात आवाज नीट येतो का हे पाहावे लागते. मग रात्री बसून दोन-तीन तासांच्या चित्रणातून सात मिनिटे काढायची. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्याच्या कागदपत्रांत पनवेल ते कासू आणि कासू ते इंदापूर असे आपल्या गावाचे नाव आहे. त्या रस्त्याचे खड्डे वर्षानुवर्षे मोबाईलवर टिपून लोकांपुढे मांडणारी मुले होती. त्यांचे करणे रिकामटेकडे होते असे, निदान त्या रस्त्यावरून गणपतीला गेलेला माणूस तरी म्हणणार नाही.

आता कमाईविषयी, कारण आईवडिलांची खरी काळजी तेथे आहे. जाहिरातींच्या पैशात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबची २०१८ पासूनची मुख्य अट अशी, की चॅनेलला एक हजार सभासद हवेत आणि बारा महिन्यांत लोकांनी ते चार हजार तास पाहिलेले हवे. (छोट्या, उभ्या व्हिडिओंचा हिशेब निराळा.) ही अट पुरी झाली की मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचे ५५ टक्के करणाऱ्याला आणि उरलेले कंपनीला. १ मे २०२५ रोजी मुंबईत सुरू झालेल्या ‘वेव्हज’ परिषदेत कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले की मागील तीन वर्षांत भारतात २१,००० कोटी रुपयांहून अधिक वाटप झाले. आकडा ऐकून डोळे दिपतात. पण त्यात मोठ्या संगीत कंपन्या आणि वाहिन्याही आल्या. कासूच्या पोराच्या ताटात त्यातले किती पडते, हे त्याने वडिलांना खरेखरे सांगावे.

आणि जमीन कोणाची? रायगड जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. अलिबाग तालुक्यात चरी-कोपरच्या कुळांनी १९३३ साली खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. वर्षानुवर्षे जमिनी पडीक राहिल्या, पण कुळे हटली नाहीत. कुळाचे काम खोटे होते काय? मुळीच नाही. त्याच्याइतके खरे काम कोणाचे नव्हते. फक्त शेत त्याचे नव्हते. व्हिडिओ करणारा आज तसाच दुसऱ्याच्या जमिनीवर राबतो. खोताचे निदान तोंड दिसत असे, येथे तेही दिसत नाही. उद्या नियम बदलले तर त्याने दाद कोठे मागायची? २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षेची होती, त्यात आम्ही शिरत नाही. पण त्या एका रात्रीत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलांचे शेत गेले. तेव्हा बाप ‘उद्याचे काय?’ असे विचारतो, तेव्हा तो मुलाचा शत्रू नसतो. संत पौल गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरले, पण करिंथला अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी तंबू शिवून पोट भरीत राहिले. हातात दुसरे एक कसब ठेवणे हा अविश्वास नव्हे.

काही जण आम्हांला संत कार्लो अक्युटिस यांचे उदाहरण देतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालेल्या या मुलाने संगणकावर सुंदर काम केले. पण ते त्याने पोटासाठी केले नव्हते, म्हणून येथे ते उदाहरण फारसे लागू होत नाही.

पोटासाठी करताना मोह वेगळे असतात. न वापरलेले तेल उत्तम म्हणून सांगणे, सट्ट्याच्या ॲपची जाहिरात करणे, पैसे घेतले हे लपवणे. पैसे घेऊन शिफारस केली असेल तर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगावे, असा सरकारचाही २०२३ पासून दंडक आहे. आपल्याला तो सीनाय पर्वतावर फार आधी मिळाला आहे. कातकरी वाडीवर जायचे, न विचारता एखाद्या म्हातारीच्या झोपडीत मोबाईल घालायचा, वर करुण संगीत लावायचे आणि त्यावर पैसे मिळवायचे, यात कष्ट कितीही असोत, आम्ही त्याला काम म्हणणार नाही. चोरालाही रात्रभर जागावे लागते. आणि लहान मुलांविषयी विशेष सांगावेसे वाटते. पाच वर्षांच्या मुलीच्या बोबड्या बोलांवर घर चालू लागले, तर त्या घरात कमावते कोण आहे? ती दमली म्हणाली तर तिला थांबता येते काय? वीटभट्टीवर लहान मूल दिसले की आपण हळहळतो. येथे मात्र आपणच ते पाहून लाईक देतो.

थांबण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. ज्याला खरे काम आहे त्याला सुट्टीही असते. परमेश्वराने सहा दिवसांच्या निर्मितीनंतर विसावा घेतला. वीटभट्टी पावसात बंद होते, शेत उन्हाळ्यात पडून राहते. या नव्या धंद्याला मात्र ना पावसाळा ना उन्हाळा. एक आठवडा व्हिडिओ टाकला नाही तर लोक विसरतील, ही धास्ती. मयताच्या घरीही काहींचा हात खिशातल्या मोबाईलकडे जातो, हे आम्ही पाहिले आहे. रविवारी एक दिवस मोबाईल खाली ठेवता येत नसेल, तर त्या मुलाने आपल्या धन्याचे नाव एकदा नीट तपासावे.

एवढे सांगून झाल्यावर वडीलधाऱ्यांना एक विनंती. प्रामाणिकपणे, कुणाला न फसवता, लोकांच्या उपयोगाचे किंवा निर्मळ आनंदाचे काही करून मूल चार पैसे घरात आणत असेल, तर पाहुण्यांसमोर ‘हा काही करत नाही’ असे म्हणू नका. नाझरेथमध्ये लोकांनी प्रभूलाही ‘हा तर सुतार’ म्हणून हिणवले होते. दोन महिने त्याच्याबरोबर बसा, हिशेबाची वही मागा, पोपटीचे मडके तुम्हीच लावा. आणि मुलांनो, ती वही मागितली तर रागावू नका. आपसांत बोलणे बंद असेल त्यांनी संध्याकाळी आमच्याकडे यावे, चहा मिळेल.

१ मे रोजी, कामकरी संत योसेफ यांच्या सणाला, मिस्सानंतर अवजारांना आशीर्वाद देण्यात येईल. कोयता, थापी, टेस्टर, शिलाईची कात्री, रिक्षाची चावी, जे असेल ते वेदीजवळ आणून ठेवावे. मोबाईलचा स्टँड असलेल्यांनी तोही आणावा. मोबाईल मात्र मिस्सा संपेपर्यंत बंद ठेवावा.