सोडत कुणासाठी?

लहानपणी पुण्यात आमच्या सोसायटीत स्कूटर जास्त आणि पार्किंगच्या जागा कमी होत्या. त्यामुळे दरवर्षी सर्वसाधारण सभेत चिठ्ठ्या टाकायच्या. घडी घातलेल्या चिठ्ठ्या पोळ्यांच्या डब्यात जायच्या, डबा खडखडा हलवला जायचा आणि चिठ्ठी उचलायला वॉचमनच्या चार वर्षांच्या मुलीला बोलावलं जायचं. मी एकदा बाबांना विचारलं, "तीच का?" ते म्हणाले, "तिला वाचता येत नाही म्हणून."

या उत्तराचा खरा अर्थ मला तीस वर्षांनी, इथे न्यू जर्सीत, तोही ब्रॉडवेच्या एका संगीतिकेच्या निमित्ताने कळला.

झालं असं. माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती आणि एका संगीतिकेने तिला झपाटलं होतं. सगळी गाणी तोंडपाठ. पण चांगल्या जागांची तिकिटं म्हणजे घरातल्या चौघांचा हिशेब मांडला की आपोआप हात आखडता व्हावा. मग तिच्या मैत्रिणीने तिला ऑनलाइन लॉटरीचा मार्ग दाखवला. ब्रॉडवेची बरीच नाटकं रोज थोडी तिकिटं अगदी स्वस्तात सोडतीने देतात. नाव, ईमेल भरायचं, वाट पाहायची, नंबर लागला तर तासाभरात पैसे भरायचे आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून खिडकीवर तिकीट घ्यायचं. अठरा वर्षांखालच्यांना भाग घेता येत नव्हता, म्हणून नाव माझ्या बायकोचं आणि बटण दाबणारं बोट लेकीचं.

ही पद्धत मुळात का आली, तेही पाहण्यासारखं आहे. १९९६ साली 'रेंट' ही संगीतिका ब्रॉडवेवर आली तेव्हा पुढच्या दोन रांगांची तिकिटं २० डॉलरला, त्याच दिवशी विकायची असं ठरलं. हेतू हा की, जे गरीब तरुण कलाकार नाटकात दाखवलेत, तसल्यांना नाटक पाहता यावं. पण पोरं रात्रभर फुटपाथवर झोपून रांग लावू लागली. काही काळातच रांग बंद होऊन तिथे सोडत आली.

दुर्मिळ गोष्ट वाटायच्या तीन रीती आहेत. पैशाने वाटा, म्हणजे श्रीमंताला मिळते. रांगेने वाटा, म्हणजे ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे त्याला मिळते. रात्रपाळीची नर्स तिथे कधीच पोहोचत नाही. तिसरी रीत चिठ्ठ्यांची. चिठ्ठी तुमची पात्रता पाहत नाही, ऐपत पाहत नाही. तिला वाचता येत नाही. सगळ्यांना देता येत नसेल तेव्हा सगळ्यांना सारखं मोजायचं, एवढंच वचन ती देते आणि ते काही लहान वचन नाही.

लेकीने चार महिने रोज न चुकता बटण दाबलं. आणि एका गुरुवारी खरंच नंबर लागला! ती शाळेतून धावत घरी आली, बायकोने कार्ड काढलं, पैसे भरायचं पान उघडलं आणि ते फिरत राहिलं. गोल चक्र, मग पांढरी स्क्रीन, मग पुन्हा चक्र. दुसऱ्या कार्डाने प्रयत्न झाला, दुसऱ्या ब्राउझरने झाला. तास संपला. तिकिटं कुणा दुसऱ्याकडे गेली. तक्रारीला दोन दिवसांनी उत्तर आलं की, तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत, उद्या पुन्हा प्रयत्न करा. लेक रडली नाही. जेवलीही नाही.

मी वीस वर्षं याच धंद्यात आहे. अशी दिलगिरीची पत्रं मी स्वतः लिहिली आहेत. पण त्या रात्री मला फार राग आला. तुमची यंत्रणा धड चालत नाही, तर तुमचे नियम मी का पाळू? मी लॅपटॉप उघडला आणि अर्ध्या तासात एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी तो आठ अर्ज भरायचा: मी, बायको, मेहुणा, पुण्याची आई, शिवाय माझ्याच ईमेलमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी टिंबं घालून केलेले चार पत्ते. जीमेलला ती टिंबं दिसत नाहीत, सगळी पत्रं एकाच पेटीत येतात. पण अर्ज घेणाऱ्या यंत्रणेने दक्षता घेतली नसेल तर तिला ती चार वेगळी माणसं वाटतात.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, आईचा पुण्याहून फोन आला. तिथे रात्रीचे साडेआठ वाजले होते. "अरे, मला न्यूयॉर्कहून कुणीतरी अभिनंदनाचं पत्र पाठवलंय. तासाभरात पैसे भरा म्हणतात. काहीतरी फसवाफसवी दिसते, मी काही दाबलं नाही हो!"

आईचा अंदाज अगदी बरोबर होता. फसवणारा कोण, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

आजी काही ओळखपत्र घेऊन संध्याकाळपर्यंत न्यूयॉर्कला पोहोचणार नव्हती, त्यामुळे तिकिटं गेलीच. पण शेजारी बसलेल्या लेकीला आता सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, ती हसेल. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी रोज हरत होते, तेव्हासुद्धा कुणाचा तरी बाबा असंच करत असेल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण असेलही, आणि ते कळायला काहीच मार्ग नाही. सोडतीतला बिघाड हा इतर बिघाडांसारखा नसतो. नळाला पाणी आलं नाही तर कळतं. काही वेळा सोडतीचा बिघाडही मोठ्याने ओरडतो: ५ जानेवारी २०१६ला 'हॅमिल्टन'ची १० डॉलरची सोडत ऑनलाइन झाली, पुढच्या रांगेच्या २१ जागांसाठी पन्नास हजारांवर अर्ज आले आणि साइट आडवी झाली. सोडत तात्पुरती पुन्हा थिएटरच्या दारात आली. पण ज्या बिघाडात साइट सुरळीत चालते आणि निवड तेवढी वाकडी होते, तो मुका असतो. हरणाऱ्याला वाटतं, आपलंच नशीब.

असा मुका बिघाड एकदा फार मोठ्या जागी झाला होता. मे २०११मध्ये अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या सोडतीत सुमारे बावीस हजार लोकांना 'तुमची निवड झाली' असं कळवलं गेलं. मग लक्षात आलं की अर्ज तीस दिवस घेतले होते, पण संगणकाने जवळजवळ नव्वद टक्के नावं पहिल्या दोनच दिवसांतली उचलली होती. सरकारने निकाल रद्द करून पुन्हा सोडत काढली. निवड झालेले कोर्टात गेले. कोर्टाने त्यांना दाद दिली नाही. त्यांचा काय दोष होता? काहीच नाही. तुमच्याआमच्यासारखी माणसं, ज्यांनी घरी पेढे वाटले असतील. तरीही मला तो निर्णय बरोबर वाटतो. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर अर्ज केलेल्या लाखोंना कुणी दारातच उभं केलं नव्हतं, आणि त्यांना ते कधी कळलंही नसतं. बावीस हजारांचं दुःख दिसत होतं, या लाखोंवरचा अन्याय दिसत नव्हता, एवढाच फरक.

आपल्या लोकांना तर हे सांगायलाच नको. एच-वन-बीचा नंबर लागतो की नाही यावर ज्यांची घरं, लग्नं, मुलांच्या शाळा अडकल्या, अशी माणसं आपल्या मंडळात कमी नाहीत. २०२०पासून ती नोंदणी ऑनलाइन आणि सोपी झाली. २०२३च्या मार्चमध्ये ८५,००० जागांसाठी सुमारे ७.८ लाख नोंदण्या आल्या आणि त्यांतल्या चार लाखांहून अधिक अशा लोकांच्या होत्या, ज्यांच्या नावे एकाहून अधिक नोंदण्या होत्या. ते सगळेच लबाड होते असं नाही. पण एकाच कंपनीतून सरळ एकदाच अर्ज केलेल्या मुलाची संधी त्यामुळे आक्रसली, हे खरं. २०२४मध्ये नियम बदलून नोंदण्यांऐवजी माणसं मोजायला सुरुवात झाली. तेव्हा चहा पिताना आपण सगळ्यांनी त्या बहुनोंदणीवाल्यांना मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. मीही दिल्या होत्या. आठ अर्जांचा प्रोग्रॅम तेव्हा माझ्याच लॅपटॉपमध्ये होता.

तुम्ही म्हणाल, नाटकाचं तिकीट कुठे आणि व्हिसा कुठे! फरक आहेच, मापात आहे. मोजण्याच्या रीतीत नाही. यंत्रणेने मला फसवलं म्हणून मी यंत्रणेला फसवलं, असं मी स्वतःला समजावत होतो. पण यंत्रणेचं काय गेलं? तिची तितकीच तिकिटं तितक्याच पैशांत गेली असती. मी हात घातला होता तो दुसऱ्याच कुणाच्या तरी ताटात. क्वीन्समधली एखादी मुलगी असेल, तिच्या आईच्या नावाने रोज एकदाच बटण दाबणारी. बिघडलेल्या यंत्रणेमुळे मला तक्रारीचा हक्क मिळतो, भांडायचा मिळतो, ती दुरुस्त करा म्हणायचाही मिळतो. त्या मुलीच्या वाट्यातून भरपाई घ्यायचा मिळत नाही.

जिंकणारा कधी विचारत नाही की सोडत खरी होती का. तो खूश असतो. सोडतीचा खरेपणा लागतो तो हरणाऱ्याला, कारण घरी न्यायला त्याच्याकडे तेवढंच असतं. 'मला मिळालं नाही, पण मला मोजलं होतं' हे ज्याला म्हणता येतं तो दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज करतो.

मी तो प्रोग्रॅम लेकीसमोर पुसला. नंतर वर्षभर तिने एकाच नावाने बटण दाबलं, नंबर लागला नाही. शेवटी सोळाव्या वाढदिवसाला आम्ही पूर्ण पैसे देऊन, अगदी मागच्या रांगेतून, ते नाटक पाहिलं. नटांचे चेहरे दिसत नव्हते. तिला चालत होतं.

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या नाटकाला जागांपेक्षा मागणी जास्त आली आणि कार्यकारिणीने मला संगणकावर सोडत करून द्यायला सांगितली. मी एकच अट घातली. सोडतीच्या आदल्या दिवशी अर्जदारांची पूर्ण यादी सगळ्यांना पाठवायची, म्हणजे प्रत्येकाला आपलं नाव आहे आणि एकदाच आहे हे पाहता येईल. यादी गेली आणि तासाभरात एका काकूंचा फोन आला: त्यांचं नाव नव्हतं. शोधलं तर फॉर्ममधली चूक निघाली, आणखी अकरा नावं गळली होती. सगळी घातली, मग सोडत काढली.

काकूंचा नंबर लागला नाही. पण नंतर मंडळात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "असू दे रे, नाव तर होतं ना डब्यात!"