तटाबाहेरची माणसे

दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दगडविटा रचून, वर चिखल लिंपून डोंगर उभा राहतो. अळीव पेरून त्याला हिरवळ आणली जाते. माथ्यावर सिंहासन, सिंहासनावर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मावळे. मग उरलेली चित्रे, म्हणजे भाजीवाली, गवळण, नांगर धरलेला शेतकरी, मेंढ्या घेऊन निघालेला धनगर, ही सारी पायथ्याशी मांडली जातात. तटाच्या बाहेर. शत्रू आला म्हणजे त्या गवळणीने कुठे जायचे, हे मुले ठरवत नाहीत. त्यांचा तो खेळ आहे, आणि खेळात शत्रू कधी येत नाही.

कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर गांगह्वा नावाचे एक बेट आहे. तेथे शत्रू आला. एकदा नव्हे, अनेकदा आला. हान नदी जिथे समुद्राला मिळते, तिच्या तोंडाशीच हे बेट आहे. आज बेटाचा कारभार इंचॉन महानगराकडे आहे; आपल्याकडच्या तालुक्यासारखा तो त्या महानगराचा एक भाग आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये एक अरुंद, ओढीची खाडी आहे. तिला तिकडे 'खारी नदी' म्हणतात. भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत आठ-नऊ मीटरपर्यंत फरक पडतो, आणि ओहोटी लागली की किनाऱ्यापासून लांबवर नुसता चिखल उघडा पडतो. घोड्यावर बसून जग जिंकायला निघालेल्या माणसाला याहून वाईट जागा सापडायची नाही.

म्हणूनच मंगोलांची पहिली स्वारी येऊन गेल्यावर, १२३२ साली, गोर्यो राज्याची राजधानी या बेटावर हलली. राजा गोजोंग नावाचा होता, सत्ता मात्र च्वे ऊ या सेनाधीशाच्या हाती होती. दरबारात एका वृद्ध मंत्र्याने विरोध केला. आपण बेटावर जाऊन दिवस कंठू, पण सरहद्दीवरचे तरुण तलवारीखाली जातील आणि म्हातारीकोतारी, मुलेबाळे गुलाम होऊन जातील, हे राज्याच्या हिताचे धोरण नव्हे, अशा अर्थाचे तो बोलला. दुसरा एक अधिकारी म्हणाला, राजधानीचा तट भक्कम आहे, इथेच लढू. च्वे ऊने त्याचे डोके उडवले. मग वाद मिटला. ऐन पावसाळ्यात, पोटरीपर्यंतच्या चिखलातून सारे शहर निघाले. घरंदाज बायका अनवाणी पायांनी, डोक्यावर ओझी घेऊन चालत होत्या, असे त्या राज्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदले आहे.

बेटावर तट उठले, वाडे उठले. च्वे ऊने आपल्या वाड्यासाठी जुन्या राजधानीतून इमारती लाकूड जहाजांनी आणवले, बागेसाठी झाडेही आणवली. मंगोल खाडीच्या पलीकडे उभे राहून पाहत, आणि मग तोंड फिरवून मुलूख लुटायला जात. १२५४ या एकाच वर्षी त्यांनी २,०६,८०० हून अधिक स्त्रीपुरुष धरून नेले. मेलेल्यांची मोजदाद करता आली नाही. मोजणी झाली ती नेलेल्यांची. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले तो उतरवून घेतात आणि पुढच्या ओळीची वाट पाहतात. आकड्यांचे असेच असते.

आता न्याय करायचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मंगोलांपुढे मोठमोठी राज्ये नामशेष झाली. गोर्यो उरले, त्याचा राजवंश १३९२ पर्यंत टिकला. बेट नसते तर हे घडले असते का? ज्या काळात मुख्य भूमी जळत होती त्याच काळात, १२३६ ते १२५१ या वर्षांत, बेटावरच्या कचेरीच्या देखरेखीखाली बौद्ध धर्मग्रंथांचे ८०,००० हून अधिक लाकडी ठसे कोरून पुरे झाले, आणि ते आजही हेइन्सा मठात जसेच्या तसे आहेत. प्रजेला वाऱ्यावर सोडले असेही अगदी म्हणता येत नाही. डोंगरी किल्ल्यांत जा, बेटांवर जा, अशी फर्माने निघत होती. (फर्मान काढणाऱ्याला पेरणी कधी असते हे माहीत असतेच असे नाही.)

मला स्वतःला राजाने आसरा घेतला याचा राग येत नाही. जीव वाचवणे हा गुन्हा नाही, आणि लढून सारे मेले असते तर त्यात शौर्य असले तरी शहाणपण होतेच असे नाही. मला खटकते ते निराळेच. राजधानी बेटावर गेली, पण सारा वसूल होतच राहिला. दक्षिणेकडच्या प्रांतांतून धान्याची गलबते समुद्रमार्गे बेटाला येत राहिली. ज्याचे रक्षण करता येत नाही त्याच्याकडून रक्षणाची किंमत मागायची, हा तो व्यवहार. राजा आणि प्रजा यांच्यात काही लेखी करार नसतो हे खरे. पण शेतकरी धान्याचे पोते खांद्यावर घेऊन कचेरीत येतो, तेव्हा त्याच्या मनात एक करार असतो. गांगह्वाच्या तटाच्या आत तो करार मोडला, आणि तो मोडला आहे हे तिथल्या कोणालाही ऐकू आले नाही, कारण मध्ये पाणी होते.

त्याच युद्धात दुसऱ्या तऱ्हेचा तटही होऊन गेला. १२३२ सालीच, दरबार बेटावर पोचल्यावर, छॉइन नावाच्या एका साध्या मातीच्या गढीत हलक्या मानल्या गेलेल्या वस्तीतली माणसे जमली होती. किम युन-हू हा बौद्ध भिक्षू त्यांच्यात होता. तिथे मंगोल सेनापती सारिताई बाण लागून पडला आणि त्याची फौज परत फिरली. हा बाण आपला, असे किम म्हणाला नाही. मोठी पदवी देऊ केली ती त्याने नाकारली. पुढे १२५३ मध्ये छुंगजू शहराला वेढा पडला तेव्हा संरक्षणाचे काम त्याच्याकडेच होते. सत्तर दिवस झाले, धान्य संपत आले. तेव्हा त्याने गुलामांच्या नोंदवह्या आणवल्या आणि सर्वांसमक्ष जाळल्या. जो लढेल त्याला जात-कूळ न पाहता पद मिळेल असे सांगितले, आणि शत्रूकडून पकडलेली गुरे-घोडी वाटून टाकली. शहर टिकले. गांगह्वाचा तट याहून कितीतरी उंच होता, पण त्या तटाच्या आत नोंदवह्या शाबूत होत्या.

१२५९ मध्ये तह झाला आणि मंगोलांनी बेटावरचे तट पाडायला लावले. भिंती कोसळताना वीज कडाडल्यासारखा आवाज झाला, आणि रस्त्यावरच्या बायका-मुले रडली, अशी नोंद आहे. आतला तट गेला, मग बाहेरचाही गेला, तेव्हा लोक घाबरून होड्या विकत घेऊ लागले आणि होड्यांचे भाव कडाडले. सत्तावीस वर्षे खाडीपलीकडचे लोक ज्या भयात जगले, ते भय आता अलीकडे आले होते.

यातून पुढच्यांनी काय घेतले? फारसे काही नाही. १६३६-३७ च्या हिवाळ्यात मांचू चालून आले तेव्हा राजघराण्यातली मंडळी पुन्हा याच बेटाकडे धावली. बेटाच्या बंदोबस्तावर मुख्य प्रधानाचा मुलगा होता. त्याने आपले कुटुंब आणि सामानसुमान आधी पार केले; युवराज्ञीलाही पैलतीरावर ताटकळत राहावे लागले, मग गोरगरिबांची काय कथा! मागे राहिलेले शत्रूच्या घोडदळाच्या हाती सापडले. बेटही पडले. हा गृहस्थ पळाला, आणि नंतर त्याला विष पिऊन मरण्याची शिक्षा झाली. किम सांग-योंग या वृद्ध मंत्र्याने दक्षिण दरवाजाशी दारूच्या साठ्याला आग लावून स्वतःला उडवून घेतले. तटाची खोली दोघांनाही सारखीच होती.

त्यानंतर १६७९ मध्ये, आपल्याकडे खांदेरीवर तटबंदीचे काम चालू होते त्याच साली, सुकजोंग राजाने बेटाभोवती ४८ ठाणी बांधवली. दगड वाहणाऱ्यांत भिक्षूंची पथके होती. पुढे ही संख्या ५४ झाली. १८६६ त फ्रेंच येऊन दरबारी ग्रंथ घेऊन गेले, ते २०११ मध्ये परत आले. १८७१ च्या जूनमध्ये अमेरिकन आरमार आले. ग्वांगसॉंगच्या ठाण्यावर कापसाच्या थरांची चिलखते घातलेले, तोड्याच्या बंदुका घेतलेले शिपाई होते. अमेरिकनांचे तिघे मेले. कोरियनांची २४३ प्रेते मोजली गेली. ज्यांची ओळख पटली नाही अशांच्या सात कबरी तिथे आहेत. या वेळी साधी माणसे तटाच्या आत होती आणि राजा दूर सोलमध्ये होता. त्यांतल्या किती जणांच्या पणजोबा-खापरपणजोबांना कधी कोणी तटाच्या आत घेतले असेल?

त्याच ठाण्याखाली खाडी वळण घेते, पाणी खळबळते; त्या जागेला सोनदोलची चिंचोळी वाट म्हणतात. दंतकथा अशी, की मंगोलांपासून पळणारा राजा सोनदोल नावाच्या नावाड्याच्या होडीत बसला. होडी भोवऱ्याकडे जाताना पाहून राजाला संशय आला, हा आपल्याला बुडवणार. त्याने नावाड्याला मारण्याचा हुकूम दिला. मरण्यापूर्वी सोनदोलने एवढेच सांगितले, की एक भोपळा पाण्यात सोडा आणि तो जाईल तसे जा. ते तसे गेले आणि सुखरूप पोचले. मग राजाला पश्चात्ताप झाला, वगैरे. चांद्र दहाव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी, म्हणजे साधारण आपली दिवाळी होऊन कार्तिक सरत आला की, तिथे बोचरे वारे सुटतात. त्याला लोक सोनदोलचा वारा म्हणतात, आणि जुने नावाडी त्या दिवशी होडी पाण्यात घालत नसत. त्याची म्हणून दाखवतात ती कबर बेटावर नाही. खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे.