प्रमाण आणि साक्ष

संशय हे जिज्ञासूचे पहिले लक्षण होय. परंतु तो कोणत्या साधनाने फेडावा हे ज्यास कळत नाही, त्यास त्याचा संशयच ग्रासून टाकतो. शहाद्यास महाविद्यालयात शिकणाऱ्या एका पावरा विद्यार्थ्याने आम्हांस असाच एक प्रश्न केला. प्रकाशे हे दक्षिणकाशी म्हणून विख्यात क्षेत्र, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. पुढे पुस्तकात त्याने वाचले की, तेथे ताम्रपाषाणयुगातील वस्ती सापडली. त्याने विचारले, "बाबा, लोक सांगतात ते खरे की पुस्तक सांगते ते? आणि कुदळीने जे सिद्ध होत नाही, त्या लीळाचरित्रास ज्ञान कसे म्हणावे?"

प्रश्न उद्धट नव्हे. तो टाळणे मात्र अप्रामाणिकपणाचे झाले असते.

तापी व गोमाई यांच्या संगमावरील पांढरीच्या टेकाडात 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तळाशी रंगीत खापरे, दगडी पाती व थोडे तांबे असलेली वस्ती. तीवर, मध्ये काही शतकांचा खंड पडून, लोखंड वापरणाऱ्यांची. आणि त्यावर आणखी दोन कालखंड, असा क्रम त्यांनी लावला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे अनुमान होय. पण ते डोळे झाकून करता येत नाही. नंतरच्या लोकांनी धान्यासाठी पेव खणले असेल, तर वरची वस्तू खालच्या थरात जाऊन बसते. म्हणून खणणाऱ्यास मातीच्या रंगावरून खड्ड्याची कड ओळखावी लागते. काळ ठरविण्यास तुलनेचे साहाय्य लागते. 1950-51 मध्ये संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे जी खापरे मिळाली, त्यांच्या जातीची खापरे प्रकाशे येथेही निघाली, तेव्हा दोन गावांचा काळ एकमेकांशी जोडता आला.

येथवर विद्यार्थ्याचे समाधान होते. मग आम्ही त्यास विचारले, खणलेली माती पुन्हा जशीच्या तशी रचता येईल काय? रसायनशाळेतील प्रयोग दुसऱ्याने पुन्हा करून पाहावा. उत्खनन मात्र आपला पुरावा वाचता वाचताच नाहीसा करते. उरतात त्या खणणाऱ्याच्या वह्या, खड्ड्याच्या भिंतीची मोजून काढलेली चित्रे आणि क्रमांक घातलेली खापरे. थापरांचा सविस्तर अहवाल 'एन्शंट इंडिया'च्या 1964 व 1965 च्या जोडअंकात आला, म्हणजे सुमारे दहा वर्षांनी. आपण तो वाचतो व मानतो. अर्थात् ज्यास तो 'डोळ्यांनी पाहिलेले' म्हणत होता, ते त्याच्यापर्यंत शब्दप्रमाणानेच पोहोचले! त्याने पाहिला तो छापील कागद, खड्डा नव्हे.

तेव्हा शब्द मानावा की न मानावा, हा वाद निरर्थक ठरतो. तो कोणाचा, कसा मिळविला व तपासता येतो काय, एवढेच विचारणे उरते.

म्हाइंभटांचे कार्य या दृष्टीने पाहावे. सुमारे 1278 च्या काळात त्यांनी श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा मनाने रचल्या नाहीत. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांना गाठून त्या विचारून घेतल्या व नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ ग्रंथ हरपला, आणि परंपरेतील जाणत्यांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला. स्मरणे जुळली नाहीत तेथे एक ठेवून दुसरे पुसून टाकणे सोपे होते. तसे न करता भिन्न पाठ 'वासना' म्हणून नोंदले गेले. डॉ. वि. भि. कोलते यांच्या 1978 च्या संपादित आवृत्तीचा अभ्यास करणाऱ्यास ही पाठभेदांची वाट दिसते. कोणास तो गोंधळ वाटेल. आम्हांस तर थापरांनी काढलेल्या खड्ड्याच्या कडेची आणि या वासनांची जात एकच वाटते: पुढील मनुष्यास आपली चूक काढता यावी, अशी ती सोय आहे.

परंतु आपल्या बाजूनेही मर्यादा ओळखली पाहिजे. स्वामी कोठे गेले, कोणास काय म्हणाले, हे साक्षीने कळते. ते परब्रह्म होते हे साक्षीदारांची संख्या वाढवून सिद्ध होत नाही. तो विषय शास्त्राचा व अनुसरणाचा आहे. एखादे जुने नाणे सापडताच "आता ग्रंथ सिद्ध झाला" म्हणून हर्ष करणारे सद्भक्त असतात. त्यांनी ग्रंथाचा गौरव केला असे आम्हांस वाटत नाही. नाणे नाण्यापुरते बोलते. प्रकाश्याची खापरे क्षेत्रमाहात्म्य सिद्ध करीत नाहीत आणि खोडूनही काढीत नाहीत. मधला शतकांचा खंडही एवढेच सांगतो की, जेथे खणले तेथे वस्ती नव्हती. लोक का गेले, हे नदीच्या गाळाचा अभ्यास करणारा कदाचित सांगू शकेल.

गणितास साक्षीदार लागत नाही, म्हणून तेच श्रेष्ठ, असे त्याने मध्येच सुचविले. खरे, पण कितीही गणित केले तरी प्रकाश्यास कोणी राहत होते, एवढेही त्यातून निघणार नाही.

जाताना त्याने विचारले, "आमच्या आजीच्या लग्नगीतांत जुनी गावे येतात, पूर्वजांची नावे येतात. ती कोणत्या प्रमाणात बसवावी?" आम्ही म्हणालो, ते मागाहून पाहू. आधी लिहून घे. कोणी गायिले, कोणत्या पाड्यावर, तिने ते कोणाकडून घेतले, तेही लिही. आणि दुसऱ्या आजीने वेगळे नाव घेतले तर दोन्ही ठेव.