डोळ्यांखालची सावली

डोळ्यांखालच्या काळसरपणावर आता सुईने उपचार होतात. हायलुरॉनिक आम्लाचे जेल तेथील खळग्यात भरले की सावली ओसरते. त्वचेच्या रंगाने आलेला काळेपणा मात्र राहतो. जेल कालांतराने विरते. क्वचित ते रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टीही जाऊ शकते.

निपाणीत घरकाम उरकून विड्या वळणाऱ्या बायकांच्या डोळ्यांखाली ही सावली आपण लहानपणापासून पाहिली. त्यांच्यापैकी कुणाच्या लेकीने ती पुसून घेतली, तर ती आईच्या कष्टांशी प्रतारणा ठरेल काय? मला तसे वाटत नाही. चेहरा ज्याचा त्याचा. इतरांच्या आठवणींसाठी तो राखून ठेवण्याचे बंधन कुणावरही नाही. परंतु सावली थकव्याची असेल, तर ती गेल्यावर घरच्यांना तो थकवा दिसायचाही राहतो. म्हणून सुईआधी घरातल्या माणसांनी तिला पुरेशी झोप मिळते का, एवढे तरी विचारावे.