नोंद आणि इच्छा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे संज्ञापनशास्त्राचे विद्यार्थी असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. २०१० च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला कथाबाह्य विभागातील पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मंजुळे वडार समाजातले. लघुपटातला, शाळेची ओढ असलेला आणि चोरीकडे ढकलला जाणारा मुलगा पारधी. दलित साहित्याच्या समीक्षेने प्रमाण मानलेला ‘स्वानुभव’ हा निकष येथे अपुरा पडतो. शेजारच्या पालावरचे दुःख ओळखीचे असेल. तेवढ्याने ते सांगण्याचा अधिकार मिळतो काय?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. हजेरी घेऊन माणसे दप्तरात नोंदवली. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली. कॅमेराही नोंदच करतो. मग पारधी मुलाला चोरीच्या कथेत उभे करणे म्हणजे जुन्या दप्तरात भर घालणे नव्हे काय? हा आक्षेप हलका नाही. पण चोरी गाळली असती तर दारिद्र्य तेवढे सुबक झाले असते. दप्तरात माणसाने काय केले याला रकाना असतो. त्याला काय हवे होते, याला नसतो. ‘पिस्तुल्या’चा सारा भार या दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि त्याची नैतिक बाजू तेथेच सावरली जाते. पुरस्कार मात्र दिग्दर्शकाच्या नावे लागतो. पालापर्यंत त्यातले काय पोचते, हा हिशेब आपल्या सौंदर्यशास्त्रात क्वचितच मांडला जातो.