पाहुणीचा वाटा

गेल्या भाद्रपदात ताई महालक्ष्म्यांसाठी वाशीमला आली, तेव्हा काकांनी एक टाईप केलेला कागद आणून ठेवला होता. वर लिहिलं होतं ‘हक्कसोडपत्र’. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि रिसोड रोडकडचं आमचं साडेचार एकर रान अजून त्यांच्याच नावावर होतं. पूजेचा दिवस होता, जेवणं आटोपली होती, घरात पुरणाचा आणि उदबत्तीचा वास होता. काका म्हणाले, “पोरगी आलीच हाय तं उरकून घ्या. तिले कुठं इथं येऊन सोयाबीन पेरायचं हाय?”

ताईनं कागद वाचला नाही. “दिवाळीले येईन तवा करू,” म्हणाली आणि महालक्ष्म्यांच्या पुढ्यातलं ताट उचलायला गेली.

मी काय केलं? त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. पुण्यात फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि शहराला लागून असलेल्या जमिनीचं पुढे काय होतं हे कुणालाही कळतं. मी काही मागितलं नव्हतं, मला आपोआप मिळत होतं. दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं, ताई तिच्या घरी गेली, मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला आलो.

हा लेख खरं तर बंगाल्यांच्या सणांवर लिहायचा होता. पण तो या कागदापाशी सुरू होतो, त्याला इलाज नाही.

*

आमच्या टीममध्ये एक बंगाली सहकारी आहे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. सगळे तिला दीदीच म्हणतात. माझ्या डोक्यात बंगाली सण म्हणजे दुर्गापूजा आणि दुर्गापूजा म्हणजे कोलकात्याचे मोठाले मांडव, ज्यांना २०२१ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, एवढंच होतं. दीदीनं ते दुरुस्त केलं. बंगालीत म्हणच आहे: बारो माशे तेरो पार्बोण. महिने बारा आणि सण तेरा. वैशाखात नवं वर्ष, आषाढात रथ, पौषात संक्रांतीचे पिठे, माघात सरस्वती. सरस्वतीपूजेला पोरं वह्यापुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि त्या दिवशी अभ्यास करत नाहीत, हे तर मला फारच पटलं.

मग मी सवयीनं आमच्याकडचं काय काय जुळतं ते बघू लागलो. ज्येष्ठात त्यांची जामाईषष्ठी, म्हणजे सासू जावयाला बोलावून जेवू घालते. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाचा तोच थाट. दिवाळीनंतर त्यांचा भाईफोटा: बहीण भावाच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावते आणि यमाच्या दारात काटा रोवते. आपली भाऊबीज. कोजागरीला त्यांची लक्ष्मीपूजा. आमच्याकडे वऱ्हाडात त्याच पौर्णिमेला भुलाबाई उठते.

ज्यांनी भुलाबाई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला पार्वती माहेरी येते. सोबत भुलोजी, म्हणजे शंकर. महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. कोजागरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करतात आणि मग भुलाबाई सासरी निघते. गाण्यांत सासूची, नणंदेची, दिराची गाऱ्हाणी असतात. ताईच्या वेळी आमच्या गल्लीत भुलाबाई जोरात असायची. मी खिरापतीपुरता जायचो.

दीदीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. “मग तुला दुर्गा कोण आहे ते कळलं की.”

मला कळलं नव्हतं. आपल्याकडे नवरात्रातली देवी म्हणजे आई. जगदंबा, महिषासुराला मारणारी. वाशीमला मंडळांत बसते तीही तशीच. बंगालातही मूर्ती तीच आहे, त्रिशूळ तोच, महिषासुर तोच. पण तिथं तिला घरची मुलगी म्हणतात. उमा. ती हिमालयाची आणि मेनकेची लेक, कैलासावरच्या त्या स्मशानात राहणाऱ्या, अंगाला राख फासणाऱ्या नवऱ्याकडून चार दिवस माहेरी आलेली. लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश ही तिची पोरं, आजोळी आलेली. पूजेच्या आधी आगमनीची गाणी म्हणतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत रामप्रसाद सेन, कमलाकांत भट्टाचार्य यांनी अशी गाणी रचली. त्यांत मेनका नवऱ्याच्या मागे लागते, की जा, लेकीला घेऊन या, मला वाईट स्वप्नं पडतात. ज्या काळात आठ-नऊ वर्षांच्या पोरी लग्न करून पाठवत, त्या काळातल्या आयांचं हे बोलणं आहे. देवीच्या नावानं ते मोठ्यानं बोलता यायचं.

*

दशमीला दीदी मला पुण्यातल्या एका पूजेला घेऊन गेली. मांडवात बायकांची रांग होती. एकेक जण पाटावर चढायची, विड्याच्या पानांनी देवीचं तोंड पुसायची, तिच्या ओठांना मिठाई लावायची आणि कानाशी वाकून काहीतरी बोलायची. याला बरण म्हणतात. पुन्हा ये, असं सांगायचं असतं. नंतर सगळ्याजणी एकमेकींना शेंदूर लावतात, तो सिंदूरखेला.

एक आजी बाजूला खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या नाहीत. मी विचारायच्या आधीच दीदी म्हणाली, “विधवा आहेत.” आपल्या हळदीकुंकवाचंही हेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, शासनानं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आमच्या घरी त्यानंतरही महालक्ष्म्यांना हळदीकुंकू देताना आई स्वयंपाकघरातच थांबली होती. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत तीच ते सगळं करायची.

मी त्या रांगेकडे बघत होतो आणि मला ताई दिसत होती. देवीचं तोंड पुसणारी नाही, ती पाटावरची. नटवलेली, जेवू घातलेली, सगळ्यांना जिच्या जाण्याचं खरंच वाईट वाटतंय अशी. आणि जिचं जाणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे अशी.

पाहुण्याचा मान मोठा असतो. पण पाहुण्याला घरात वाटा नसतो.

*

कायदा काय म्हणतो ते आधी सांगून टाकतो, कारण माझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना ते माहीत नसतं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित संपत्तीत अविवाहित मुलींना मुलाइतका हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो विवाहित मुलींसकट देशभर लागू झाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. बंगालात पूर्वी ‘मिताक्षरा’ऐवजी जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ चालायचा. मुलगा नसेल तर विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा मिळे, आपल्याकडे तेवढंही नव्हतं. पण मुलगा असला की लेकीला तिथंही काही नव्हतं.

म्हणजे कायद्याचा प्रश्न सुटलेला आहे. तरी हक्कसोडपत्रं होतात आणि ती कुणी बंदूक लावून करून घेत नाही. बहिणी हसत सही करतात. मला पडलेला प्रश्न हा आहे, की राजीखुशीनं सोडलेला हक्क हा खरंच राजीखुशीनं सोडलेला असतो का? आणि त्यात आपल्या या गोड सणांचा काही हात आहे का?

मी दीदीला हे असंच विचारलं. म्हटलं, वर्षातून चार दिवस लेकीचे एवढे लाड करायचे, तिच्या जाण्यावर रडायचं, म्हणजे उरलेल्या दिवसांचं काही करायला नको. हे भरपाईचं काम झालं. तिला राग आला. “तू माझ्या पूजेचा कोर्टात खटला करतोयस. ज्या बाईला वर्षभर कुणी विचारत नाही, तिला त्या चार दिवसांत कुणाची तरी मुलगी होता येतं. तेही काढून घे आणि मग दे तिला सातबारा.”

ती बरोबर होती. या सणांनी गाऱ्हाणं जिवंत ठेवलं. मेनका नवऱ्याला बोल लावते, भुलाबाईच्या पोरी सासूला नावं ठेवतात. ही तक्रार म्हणायला दुसरी जागा नव्हती. सण नसता तर अन्याय तेवढाच असता आणि वर तोंड बंद असतं.

पण मग ती स्वतःच थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “माझ्या आईनंही मामाला लिहून दिलंय. तिकडेही तसाच कागद असतो, नाव वेगळं. आई म्हणायची, जमीन घेतली असती तर पूजेला कुठल्या तोंडानं गेले असते?”

*

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी आईला विचारलं, तू आजोबांच्या शेतात सही केली होतीस का. “केली ना. म्हणून तं माहेर टिकलं माह्यं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. चांगला सौदा केल्यासारखं बोलली.

सौदा हाच शब्द मला नंतर सुचत राहिला. माहेर हे प्रेमानं मिळतं असं आपण म्हणतो. पण जे मागितल्यावर बंद होतं, त्याला प्रेम म्हणायचं की भाडं? आईनं दरवर्षी भाऊबीजेला जायचं भाडं एकदाच, एकरांत भरलं होतं. मामा प्रेमळ आहेत, मला फार आवडतात. आईनं हिस्सा मागितला असता तर ते तसेच राहिले असते का, हे त्यांनाही कधी कळणार नाही, कारण आईनं ती परीक्षा होऊच दिली नाही. बहिणी सही करून भावांचा चांगुलपणा वाचवतात. आपण तो फुकट मिळाला असं समजतो.

हे मला माझ्याबद्दलच दिसायला लागलं. मी चांगला भाऊ आहे असं मला वाटत होतं. ओवाळणीत हात आखडता घेत नाही, ताईच्या पोराला टॅब घेऊन दिला. हे सगळं मी माझ्या मर्जीनं देत होतो, आणि मर्जीनं देण्यात फार मजा असते. तिचं तिला मिळण्यात मला तसली मजा नव्हती. तिथं माझे आभार कुणी मानणार नव्हतं.

शेतकरी संघटनेत शरद जोशींनी हीच गाठ ओळखली होती. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम निघाली: शेतकऱ्यानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, ज्या गावात शंभर घरं असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्त. घरच्या लक्ष्मीचं कर्ज फेडायचं, अशी ती भाषा होती. मला त्यातला कर्ज हा शब्द महत्त्वाचा वाटतो. कर्ज फेडणारा उपकार करत नसतो.

मात्र ती बायकोची गोष्ट होती. बायकोला दिलेली जमीन घरातच राहते. लेकीला दिलेली दुसऱ्या आडनावाकडे जाते, आणि काकांच्या पोटात दुखतं ते तिथं.

*

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नोंदणीला जायचं ठरलं होतं. मी गेलो नाही. चार दिवसांनी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, तीन नावांचा: आई, ताई आणि मी. यात कसला त्याग नाही. कायद्यानं जे आहे तेवढंच लिहिलं. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

ताई खूश होईल असं मला वाटलं होतं. ती झाली नाही. फोनवर आधी म्हणाली, “तुले कोनं सांगतलं होतं?” मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, “आता मले महालक्ष्म्यायले कोन बलावन?”

मी म्हटलं, तुला बोलवायचं कशाला, तुझंच घर आहे. वाक्य चांगलं होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. इतकी वर्षं तिला शिकवलं, की हक्क आणि माया यांतलं एकच मिळतं. एका अर्जानं ते पुसलं जाईल असं मला का वाटलं कोण जाणे. आणि न विचारता अर्ज देऊन मी पुन्हा माझ्या मर्जीनंच काहीतरी दिलं होतं, हेही फोन ठेवल्यावर लक्षात आलं. तिला काय हवंय हे मी आईला विचारलं, दीदीला विचारलं, तिला विचारलंच नाही.

फेरफार मंजूर झाला की तिच्या नावासकट सातबारा निघेल. पुढे तिला हिस्सा ठेवायचा, विकायचा की मलाच लिहून द्यायचा, ते तिनं ठरवावं. लिहून दिला तर मला आनंद होईल, हे मी इथं कबूल करतो. म्हणूनच तो निर्णय महालक्ष्म्यांच्या दिवसांत, पुरणाच्या वासात व्हायला नको. साध्या एखाद्या मंगळवारी, सण नसताना, तिच्या घरी जाऊन विचारीन.

तोवर भाद्रपद येईल. मुखवटे माळ्यावरून काढायचे असतील, रांगोळीची पावलं काढायची असतील. आईला या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यायला सांगणार आहे. ताई येईल का, माहीत नाही. आली तर ती पहिल्यांदा नावावर असलेल्या घरात येईल, आणि तिसऱ्या दिवशी तिनं जायचं की नाही हे पंचांगात लिहिलेलं नसेल.