महाराज आहेत, पण ब्रेक?

 

2006-07 पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या मुलांना सायकली दिल्या. आमच्या मुलीलाही तेव्हा अफजलपुरात शाळेतून एक मिळाली. ती सासरी गेली, सायकल पडवीत राहिली. दर खंडेनवमीला आम्ही तिला हार घालतो, हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. बाकी वर्षभर तिच्याकडं कोण बघतंय?

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीला शाळेला जायला ती दिली. दोन दिवसांनी ती म्हणाली, "मावशी, मागचा ब्रेक लागत नाही." आम्ही म्हणालो, "हळू चालव गं, महाराज आहेत ना." चौथ्या दिवशी उतारावर ती बैलगाडीला धडकली. हनुवटीला तीन टाके पडले. आम्ही सगळीकडं सांगत सुटलो, महाराजांनीच वाचवलं! तिच्या आईनं शांतपणे विचारलं, "वाचवलं ते खरं. पण तशा सायकलीवर पाठवलं कुणी?"

आम्ही गप्प.

गुरूंवर विश्वास ठेवणं आणि आपलं काम गुरूंवर ढकलणं, यातला फरक ओळखायचा कसा? सत्संगात एका काकांनी गुरुचरित्रातल्या गाणगापूरच्या शेतकऱ्याची कथा काढली. श्रीगुरूंच्या शब्दावर त्यानं उभं पीक कापलं, पुढं शतपट पिकलं. निष्ठा अशी पाहिजे, काका म्हणाले. खरंच आहे. पण कापणी त्यानं केलीच की! 'महाराज आहेत' म्हणून बांधावर बसून राहिला नाही.

आता दर गुरुवारी आरतीआधी सायकल अंगणात घेतो. मडगार्डात बसलेली काळी माती काडीनं काढायची. जुन्या फडक्यानं चेन पुसायची, पेडल उलटं फिरवत शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडायचं, वरचं तेल परत पुसायचं. नाहीतर धूळ चिकटून चेन झिजते. (पहिल्यांदा आम्ही खोबरेल घातलं होतं, हसू नका.) रिमला आणि ब्रेकच्या रबराला मात्र तेलाचं बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. रबराच्या खाचा गेल्या की रबर नवं, ब्रेकच्या तारेचा एक पदर तुटला तरी तार नवी. बाभळीचे काटे टायरवरून हात फिरवून आधीच काढले तर पंक्चरही कमी होतात.

टाके निघाल्यावर मुलगी परत आली. आम्ही आधी माफी मागितली. ती काही बोलली नाही. दोन्ही ब्रेक दाबून बघितले, सायकल थोडी पुढं ढकलून पुन्हा दाबले, आणि मगच बसली.